छप्पर शाकारायचं, पण कुणाकडून?

पत्र : वेंगुर्ल्याच्या अलीकडे आमचा काजूचा कारखाना आहे. सासऱ्यांनी १९९१ मध्ये सुरू केला, गेली सहा वर्षं मी बघते. दोन शेड एकमेकींना चिकटून, मिळून ४००० चौरस फूट. जुनीवर सिमेंटचे पत्रे आहेत, २०१४ मध्ये वाढवलेल्या नवीवर रंगीत पत्रे. समुद्र एक किलोमीटरच्या आतच आहे. तौक्ते वादळात रंगीत पत्र्यांपैकी अकरा उडाले होते, ते कसेबसे परत बसवले. यंदा पावसात नऊ ठिकाणी बादल्या ठेवल्या. आता सगळंच छप्पर बदलायचं ठरलंय. कुडाळचा एक फॅब्रिकेटर ३ लाख ६० हजार म्हणतो. कोल्हापूरची एक कंपनी ६ लाख ४० हजार सांगते आणि १५ वर्षांची गॅरंटी देते. वाडीतला एक जण सासऱ्यांच्या विश्वासातला आहे. तो ४ लाख ८० हजार म्हणतो, पण कागद देत नाही, “वहिनी, काळजी करू नका” एवढंच म्हणतो. मिस्टरांचं म्हणणं, पत्रा तो पत्राच, स्वस्तातला घ्या. सासरे म्हणतात, आपला माणूस अडीअडचणीला धावून येतो. मला कोल्हापूरचे बरे वाटतात, पण पैसे जड जातात. काम कुणाला देऊ? आणि आत अंधार असतो, ग्रेडिंगला बसणाऱ्या बायकांना दिवसाही ट्यूब लावावी लागते. पारदर्शक पत्रे टाकावेत का?

ताई,

तुमचं पत्र, फोटो आणि दोन्ही कोटेशनं मिळाली. पहिलीच शंका विचारतो : या तिघांपैकी छपरावर चढलं कोण? तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे बहुतेक कुणीच नाही. एकाने खालून टेप लावली असेल, दुसऱ्याने व्हॉट्सॲपवर फोटो मागवले असतील, आणि वाडीतल्या माणसाला शेड तोंडपाठ आहे म्हणून तो चहा पिऊन गेला असेल.

तिन्ही आकडे एकाखाली एक मांडले की वाटतं, एकाच वस्तूच्या तीन किमती आहेत. पण कोटेशनं नीट वाचली तर हे तिघे तुम्हाला तीन वेगळी छपरं विकताहेत. कुडाळवाल्याच्या कागदावर एकच ओळ आहे : ०.५० कलर शीट (म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगीत पत्रा), फिटिंगसकट, दर चौरस फुटाला ९०. जुना सिमेंटचा पत्रा काढायचा की त्याच्यावरच नवा ठोकायचा, यावर चकार शब्द नाही. या दरात त्याच्या मनात वरच ठोकायचं आहे, असा माझा अंदाज. कोल्हापूरच्यांची चार पानं आहेत. त्यातली तीन पानं त्यांच्याच कामांच्या फोटोंची, पण चौथ्या पानावर पत्र्याचा प्रकार, जुने पत्रे काढणं, नव्या पन्हळी असं बरंच नीट लिहिलंय. फक्त शेवटी बारीक अक्षरात “लोखंडी सांगाड्याची दुरुस्ती प्रत्यक्ष होईल त्याप्रमाणे वेगळी” असंही आहे. ते ‘वेगळी’ किती, हे कुणीच सांगितलेलं नाही. आणि तिसरं कोटेशन तर हवेतच आहे.

तेव्हा ‘कुणाला देऊ’चं उत्तर आज देता येत नाही. आधी तुम्हाला काय हवं आहे, त्याचा एक कागद तुम्ही स्वतः करा, तोच तिघांना द्या आणि त्यावर दर मागा. मग आकडे एकमेकांशी बोलायला लागतील. त्या कागदात काय यावं ते तुमच्या फोटोंवरूनच सांगतो.

पहिला फोटो २०१४ च्या शेडचा. तो मोठा करून बघा. पत्र्याचा मधला भाग रंग उडालेला असला तरी शाबूत आहे. तांबडे चट्टे आहेत ते प्रत्येक स्क्रूभोवती आणि वळचणीच्या कडेला. म्हणजे आधी पत्रा सडला नाही, स्क्रू सडला. साध्या झिंक मारलेल्या स्क्रूचं डोकं खाऱ्या हवेत काही पावसाळ्यांत फुलतं, खालचा रबरी वॉशर कडक होऊन चिरतो, पाणी आत जातं आणि मग पत्रा त्या भोकापासून सडायला लागतो. सगळ्या कामाच्या खर्चात स्क्रूचा वाटा तो केवढा! तरी पैसे वाचवायची पहिली जागा तीच असते, कारण वर चढून कोण बघणार? कागदावर स्पष्ट लिहा : समुद्रकाठासाठी जाड कोटिंगचे स्क्रू, वॉशर ईपीडीएम रबराचा. आणि कारागिराला सांगा की स्क्रू आवळताना वॉशर किंचित फुगला की थांबायचं. चपटा होईपर्यंत पिळला की त्याचं आयुष्य तिथेच अर्धं झालं.

वळचणीचं कोडं बऱ्याच जणांना उलगडत नाही. वरच्या बाजूवर पाऊस पडतो, तो मीठ धुऊन नेतो. वळचणीखाली पाऊस पोचत नाही, मीठ मात्र वाऱ्याबरोबर पोचतं आणि साचून राहतं. म्हणून समुद्राकाठी पत्रा खालून, कडेने जातो. तुमच्याकडे त्यात बॉयलरची वाफ आणि टरफलं जाळल्याचा धूर आणखी.

आता मिस्टरांच्या ‘पत्रा तो पत्राच’बद्दल. बाजारात ०.५० म्हणतात तेव्हा तो रंग आणि कोटिंग धरून असतो की नुसत्या लोखंडाचा, हे विचारावं लागतं. रंगासकट जाडीला टीसीटी म्हणतात, आतल्या लोखंडाच्या जाडीला बीएमटी. टीसीटी ०.५० असेल तर आत लोखंड ०.४५ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी निघतं. तुमचे मिस्टर स्वस्त-महाग ठरवताहेत ते बहुधा या दोन वेगळ्या पत्र्यांमध्ये. दुसरी गोष्ट कोटिंगची. नुसत्या जस्ताचा जीआय पत्रा वेगळा आणि गॅल्व्हल्युम वेगळा. गॅल्व्हल्युमच्या लेपात ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्का सिलिकॉन असतं. खाऱ्या हवेत तो साध्या जीआयपेक्षा पुष्कळ जास्त टिकतो. लेप चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १५० ग्रॅम हवा, म्हणजे कागदावर ‘एझेड १५०’. भारतीय मानकांत अशा रंगीत पत्र्यासाठी आयएस १५९६५ आहे, तो क्रमांकही लिहून घ्या.

मी तुमच्या जागी असतो तर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचाही दर मागवला असता. त्याला तांबडा गंज नाही. पण तो लोखंडी परलिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या दांड्यांवर, उघडा टेकवला तर खाऱ्या ओलीत ॲल्युमिनियमच झिजायला लागतं, म्हणून मध्ये पट्टी घालावी लागते. हे ज्या कंत्राटदाराला विचारल्यावर तो लगेच सांगेल, त्याला काम कळतं असं समजा. मुंबई-गोवा हायवेवर शेडच्या शेड उभ्या करणारे काही जण यावर डोकं खाजवताना मी पाहिलेत.

माल उतरला की तपासायचा. पत्र्याच्या पाठीवर कंपनीचं नाव, जाडी आणि लेपाचा आकडा ठरावीक अंतराने छापलेला असतो. स्क्रूगेज घेऊन दोन-चार पत्रे मोजा, एखादा काट्यावर चढवा. काजू तोलणाऱ्या माणसाला हे मी सांगायला नको. कॉइलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा नंबर मालाशी जुळवून बघा. पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्यांनी कडेचा लेप जळतो, शिवाय लोखंडाचा कीस पत्र्यावर पडून तिथे गंजाचे ठिपके उठतात. कात्री किंवा निबलर वापरायचा, आणि संध्याकाळी छप्पर झाडून खाली उतरायचं.

दुसरा फोटो पावसातला, बादल्यांचा. नऊपैकी सहा बादल्या एका ओळीत आहेत, हे तुमच्या लक्षात आलंय का? ती ओळ बरोब्बर दोन शेडच्या मधल्या पन्हळीखाली आहे. म्हणजे तुमची निम्म्याहून जास्त गळती पत्र्याची नाहीच, पन्हळीची आहे. हिशोब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचं छप्पर ३७२ चौरस मीटर. मृगाच्या किंवा आषाढाच्या एखाद्या झोडपणीत तासाला १०० मिलिमीटर कोसळला तर तासाला ३७ हजार लिटर पाणी झालं. दोन पाख्यांचं, म्हणजे त्यातलं निम्मं, मधल्या पन्हळीत येतं : मिनिटाला ३०० लिटरच्या वर. तुमची पन्हळ फोटोत वीतभर रुंद दिसते, आणि उतरता पाइप एकाच टोकाला. वर आंब्याची पानं. ती उलटी फुटणारच. नवे पत्रे सोन्याचे टाकलेत तरी ती पन्हळ तशीच ठेवली तर त्या सहा बादल्या पुढच्या जूनमध्ये पुन्हा बाहेर काढाव्या लागतील. मला सर्वांत खटकलं ते हेच, की तिघांपैकी फक्त कोल्हापूरवाल्यांनी पन्हळीचा उल्लेख केला, आणि त्यांनीही तिची रुंदी लिहिली नाही. कागदावर लिहा : मधली पन्हळ नवी आणि रुंद, दोन्ही टोकांना उतार आणि पाइप, आणि माणूस आत उभा राहून साफ करू शकेल इतकी मजबूत.

तौक्तेकडे वळू. १६ मे २०२१ ला तुमचे अकरा पत्रे उडाले ते सगळे नैर्ऋत्य कोपऱ्यातले, असं फोटोवरून दिसतं. हे काही नशीब नाही. वारा पत्र्याला दाबतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात छपरावरून जाताना तो पत्रा वर ओढतो, आणि कोपऱ्यात, वळचणीला, आढ्याला ही ओढ सर्वांत जास्त असते. ताशी १०० किलोमीटरचा वारा चौरस मीटरला साधारण ४७ किलो जोर लावतो. पत्र्याचं स्वतःचं वजन तेवढ्या जागेत पाच किलोसुद्धा नाही. कोपऱ्यात हा जोर दुपटीपर्यंत जातो. त्यात समुद्राकडचं शटर उघडं राहिलं की वारा आत शिरून खालूनही ढकलतो. म्हणजे पत्रा टिकतो तो फक्त स्क्रूवर आणि स्क्रू ज्यात घुसलाय त्या परलिनवर. मधल्या भागात स्क्रू जितक्या अंतरावर, तितक्याच अंतरावर कोपऱ्यात मारणाऱ्या माणसाला वारा कळत नाही. वाऱ्याच्या जोराचं भारतीय मानक आयएस ८७५ चा तिसरा भाग आहे, २०१५ ची आवृत्ती. कोल्हापूरवाले इंजिनिअर म्हणवतात, त्यांना विचारा, वाऱ्याचा कोणता वेग धरलात आणि कडेला स्क्रूचं अंतर किती ठेवणार. कुडाळवाल्याला मानकाचा नंबर विचारू नका, तो उगीच बिचकेल. त्याला विचारा, “कोपऱ्यात काय वेगळं करणार?” दोघांच्याही उत्तरातून तेच कळेल.

आणि ‘जुन्यावरच नवा’ ही युक्ती कुणी सुचवली तर इथेच अडते. लांब स्क्रू जुन्या पत्र्यातून जाऊन परलिनला पकडला की नाही, हे वरून दिसत नाही. शिवाय ती परलिनच कशी आहे? १९९१ चं लोखंड आहे. हातोडीने ठोकत जायचं. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आतून गेलंय. चौकोनी पाइप आतून सडतात, वर रंग तसाच राहतो. हे ठोकून बघण्याचं काम दर देण्याआधी व्हायला हवं, म्हणजे ‘दुरुस्ती वेगळी’चा आकडा आत्ताच कळतो. दर देण्याआधी एक दिवस शिडी घेऊन यायला जो तयार नाही, त्याचं कोटेशन बाजूला ठेवा. माझ्या लेखी ही पहिली चाळणी.

सिमेंटच्या पत्र्याबद्दल मात्र चाळणी नको, हट्टच धरा. त्यात ॲस्बेस्टॉस आहे. जोवर तो जागेवर अखंड आहे तोवर फारसा त्रास नाही, पण फोडला, कापला, वरून खाली फेकला की बारीक तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात बसतात. आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो. म्हणून पत्रे पाण्याने भिजवायचे, बोल्ट सोडवून अखंड उतरवायचे, माणसांना नीट मास्क द्यायचे, त्या काळात आत काजू किंवा कामगार नकोत. तुकडे प्लास्टिकमध्ये बांधून ठेवायचे आणि विल्हेवाटीचं प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारायचं, कारण असा कचरा घातक कचऱ्यात मोडतो. आपल्याकडे हे पत्रे गोठ्यावर टाकायला किंवा पाणंदीत भराव घालायला सर्रास मागून नेतात. देऊ नका.

आणि त्यावर चालायचं नाही. जुना सिमेंट पत्रा आणि जुना पारदर्शक पत्रा पायाखाली बिस्किटासारखा मोडतो. छपरावरून माणूस कडेनेच पडतो असं नाही, असा मधूनही खाली येतो. फळ्या टाकूनच फिरायचं, कमरेला हार्नेस, त्याचा दोर पक्क्या ट्रसला, म्हणजे छपराच्या लोखंडी कैचीला. कंत्राटदाराच्या माणसांचा अपघात विमा आहे का, पॉलिसीची प्रत मागा. “आमची माणसं सराईत आहेत” हे उत्तर चालणार नाही. कंत्राटदाराचा माणूस तुमच्या शेडवरून पडला तर भरपाईचं लचांड मूळ मालकापर्यंत येऊ शकतं. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून हे तत्त्व चालत आलंय. पण कायद्याचं सोडा. वाडीतलाच कुणीतरी असेल तो.

आता गॅरंटी. तुम्हाला कोल्हापूरचे आवडले ते या १५ वर्षांमुळे, हे पत्रात लपत नाही. यात माझं स्वतःचं पोळलेलं बोट आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी दापोलीकडे ओळखीच्यांच्या बर्फाच्या गोदामासाठी मी एका कंत्राटदाराचं नाव सुचवलं. नाव इथे घेत नाही. त्याने जाड कागदावर छापलेली वॉरंटी दिली होती, तिच्यावर मी खूश. चौथ्या वर्षी वळचणीला गंज आला तेव्हा कागद काढला. मागच्या पानावर लिहिलं होतं की समुद्रापासून ठरावीक अंतराच्या आतल्या इमारतींना हे लागू नाही. शिवाय ती वॉरंटी पत्र्याच्या कंपनीची होती, बसवणाऱ्याची नव्हतीच. कंत्राटदाराचा फोन तोवर बंद. मी पहिलंच पान वाचलं होतं. गोदामवाल्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि अजून त्यांच्याकडे जेवायला गेलो की ते छप्पर मला वर बघू देत नाही. तेव्हा कोल्हापूरच्यांना तीन प्रश्न लेखी विचारा : ही १५ वर्षं पत्र्याची की कामाची? समुद्रापासून एक किलोमीटरच्या आत लागू आहे का? आत वाफ आणि धूर असलेल्या कारखान्याला लागू आहे का? उत्तर मेलवर आलं तर खरं. बसवण्याच्या कामाची तीन वर्षांची हमी समुद्राचा उल्लेख करून लिहून दिली, तर ती मी त्या पंधरापेक्षा वर ठेवीन.

कागदापेक्षा मोठा दाखला तुमच्या किनाऱ्यावरच उभा आहे. प्रत्येकाला सांगा : मे २०२१ च्या आधी केलेली, समुद्राकाठची दोन-तीन कामं दाखवा. तौक्तेतून गेलेलं आणि त्यानंतरचे पावसाळे काढलेलं छप्पर खोटं बोलत नाही. वेंगुर्ला, मालवण, देवगड, कुठेही असो, एक दिवस गाडी काढा. भर दुपारी जा, आत उभं राहून दारं लावून घ्या आणि वर बघा. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथून पाणी येतं. मग बाहेर येऊन वळचणीखाली मान वर करा, स्क्रूची डोकी बघा. आणि मालकाला विचारण्याआधी तिथल्या वॉचमनला विचारा, बादल्या कुठे ठेवता म्हणून. मालक कंत्राटदाराची भीड ठेवतो. बादली वॉचमनच उचलतो. वादळात काही उडालं असेल तर तेही वाईटच समजू नका. त्यानंतर कंत्राटदार किती दिवसांनी आला, आणि पैसे मागितले का, ते विचारा.

या एका फेरीत तुमचा निम्मा निर्णय होईल, असा माझा अनुभव आहे. कोल्हापूरच्यांकडे घाटाखालचं एकही जुनं काम नसेल तर त्यांची चार पानं मी बाजूला ठेवीन. घाटावर उत्तम कामं करणाऱ्यांना खारा वारा माहीत असतोच असं नाही.

पैशांचं थोडक्यात सांगतो. आगाऊ म्हणून फार देऊ नका. मोठा हप्ता माल तुमच्या अंगणात उतरून मोजून झाल्यावर, पुढचा जुने पत्रे काढून सांगाडा दुरुस्त झाल्यावर. शेवटचे दहा टक्के दसऱ्याला. म्हणजे एक पूर्ण पावसाळा गेल्यावर, हे कागदावर आधीच असू दे. दसऱ्याची अट ऐकून ज्याचा चेहरा पडेल तो पडू दे. दर जीएसटीसह आहे की शिवाय, हे विचारा, कंत्राटाच्या कामाला १८ टक्के लागतो. ३ लाख ६० हजार हा आकडा ‘शिवाय’ असेल तर तो सव्वाचार लाखांच्या जवळ गेला. कापून घ्यायच्या टीडीएसचं तुमच्या सीएला विचारा. पत्रे स्वतः आणून मजुरी तेवढी द्यावी का, असंही मिस्टर म्हणतील. पैसे वाचतात, खरं. पण गळलं की पत्रेवाला फिटिंगला नावं ठेवतो, फिटिंगवाला पत्र्याला, आणि बादली तुमच्याच हातात राहते. काम एकालाच द्या.

वेळेचं मात्र मनावर घ्या. तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे की फेब्रुवारी संपता संपता ओली बी यायला लागते आणि मेअखेर वर्षाची बी गोदामात असते. त्या बीची किंमत या सगळ्या छपरापेक्षा मोठी. एप्रिल-मेमध्ये छप्पर उघडायचं म्हणजे अवकाळीच्या एका सरीवर वर्षाचा धंदा लावायचा. शिवाय त्या दिवसांत पावसाआधीच्या, आगोटीच्या घाईने प्रत्येक कंत्राटदार दहा ठिकाणी पत्रे उघडून बसलेला असतो. आत्ता गोदाम हलकं आहे. डिसेंबर-जानेवारीत काम धरा, जुनी शेड आधी, मग नवी, म्हणजे निम्मा कारखाना चालू राहील. जत्रांचे दिवस आहेत, रात्रभर दशावतार बघून आलेला वेल्डर सकाळी छपरावर चढवू नका, एवढं सांभाळा.

आता सासरे. ते म्हणतात ते चुकीचं नाही. जूनच्या रात्री पत्रा फडफडायला लागला तर कोल्हापूरहून कुणी येणार नाही, वाडीतला माणूसच बॅटरी घेऊन येईल. पण धावून येणं आणि पावणेपाच लाखांचं काम अंगावर घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याला तुमचा कागद द्या. लिहिता येत नसेल तर त्याच्यासमोर बसून तुम्ही लिहा आणि सही घ्या. त्यात कमीपणा नाही; सासऱ्यांना सांगा, उद्या काही बिनसलं तर नातं टिकावं म्हणून हा कागद. त्याने सही केली, हार्नेस आणले आणि तौक्तेआधीचं एक चांगलं छप्पर दाखवलं, तर मी त्यालाच काम देईन, कोल्हापूरपेक्षा वीस-तीस हजार जास्त मागितले तरी. नाही केली, तर मोठं काम दुसऱ्याला आणि त्याला दुसरं काम द्या : शाकारणीचं.

कौलारू घरांना दरवर्षी शाकारणी होती. पावसाआधी माणूस वर चढायचा, फुटलेली कौलं बदलायचा, रीप बघायचा, पन्हळीतला पाला काढायचा. पत्रे आले आणि आपण समजलो, आता वर्षानुवर्षं वर बघायला नको. तुमच्या २०१४ च्या पत्र्यांवर एकदा तरी कुणी चढलं होतं का, तौक्तेआधी? वर्षाला ठरावीक रक्कम देऊन त्याला मेमध्ये एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा वर पाठवा. पन्हळ साफ करायची, ढिले स्क्रू बदलायचे, वळचणीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवायची, बॉयलरच्या चिमणीभोवतीची पट्टी तपासायची. सासऱ्यांचा माणूस कारखान्याला बांधलेला राहील आणि पत्र्याचं आयुष्यही वाढेल.

राहिला पारदर्शक पत्र्यांचा प्रश्न. टाका, पण बेताने. सगळ्या छपराच्या विसाव्या भागाइतके, म्हणजे २०० चौरस फुटांच्या आसपास पुरेत. जास्त टाकलेत तर मार्च-एप्रिलमध्ये आत भाजून निघाल. फोटोत आढं पूर्व-पश्चिम दिसतंय, तेव्हा ते उत्तरेकडच्या पाख्यावर, ग्रेडिंगच्या टेबलांवर येतील असे घ्या. थेट ऊन काजूगरांवर पडणार नाही आणि डाग असलेला गर बायकांच्या नजरेतून सुटणार नाही. नैर्ऋत्य कोपऱ्यात एकही नको. आणि प्रत्येकाच्या खाली लोखंडी जाळी मारून घ्या, पाच-सहा वर्षांनी ते पत्रे ठिसूळ होतात आणि शाकारणीला वर गेलेल्याच्या ते लक्षात राहत नाही. ही जाळी तिघांच्याही कोटेशनमध्ये आत्ताच लिहून घ्या, नाहीतर शेवटी ‘वेगळी’ म्हणून येईल.